बडेबाबूंची बिनचूक पोस्ट

पुसद तालुक्यात शुद्ध मराठीत पोस्ट लिहिणारा माणूस एकच उरला आहे, असं वामनरावांचं ठाम मत होतं. त्याचं नाव सांगायला मात्र त्यांना संकोच वाटे.

सरकारी कार्यालयातून बडेबाबू, म्हणजे मुख्य कारकून, म्हणून ते निवृत्त झाले, पण लाल पेन मनाने सोबतच आणलं. फायली संपल्यावर ते नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपकडे वळले. कुणी बाळाचा फोटो टाकला, की बाळाचं तोंडही न पाहता खालच्या ओळीतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत पाठवत. पुतण्या अक्षयने सासऱ्यांच्या तेरवीचा निरोप टाकला, तर यांनी आधी त्यातला अनुस्वार दुरुस्त केला, मग दुःख व्यक्त केलं. लोक त्यांना मान देत. म्हणजे घाबरत, पण तो फरक त्यांना नोकरीतही कधी कळला नव्हता.

पोस्ट लिहिण्याची त्यांची रीत कार्यालयातलीच होती. नवं काही लिहायचं नाही. जुना मंजूर मसुदा काढायचा, त्यावर नवी नावं चढवायची आणि तीनदा वाचायचं.

धाकटी मुलगी अनघा हिचं फुलसावंगीच्या मारोतरावांच्या रजतशी जमलं. मारोतराव कापूस-तुरीचे शेतकरी, माणूस सरळ, पण मानापानाला पक्का. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, रविवारी ठरलं. रजत स्वतःच पोस्ट टाकणार होता. वामनरावांनी त्याला फोनवरच थांबवलं.

"जावईबापू, तुमच्या पिढीचं व्याकरण मी पाहिलंय. जाहीर मजकूर माझ्याकडूनच जाईल."

थोरल्या आभाच्या साक्षगंधाचा मसुदा फोनमध्ये जपून ठेवलेला होता. त्यावर ते दोन दिवस बसले. आभाच्या जागी अनघा आली, तारीख बदलली, सभागृह बदललं, एक स्वल्पविराम सकाळी काढला तो संध्याकाळी परत घातला. मग पोस्ट ग्रुपवर आणि फेसबुकवर, दोन्हीकडे गेली.

"वाच आणि एक चूक दाखव," त्यांनी बायकोपुढे फोन धरला.

"तुमच्यात कोण चूक काढते?" कुंदाताई म्हणाल्या आणि कढईकडे वळल्या.

पोस्टमध्ये व्याकरणाची खरोखरच एकही चूक नव्हती. फक्त नवरदेवाचं नाव साकेत असंच राहिलं होतं. साकेत म्हणजे आभाचा नवरा, आर्णीत औषधाचं दुकान चालवणारा आणि एका मुलीचा बाप.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर लोक हसून मोकळे झाले असते. पण वामनराव चुकू शकतात, हे मानायला कुणी तयारच नव्हतं. ग्रुप चिडीचूप झाला आणि ग्रुपबाहेर फोन सुरू झाले. एक काकू म्हणाल्या, आभाचं काही बिनसलं असेल. मावशी म्हणाली, घरातल्या घरात मिटवलं हे बरं केलं. आर्णीत गिऱ्हाइकं खाली मान घालून साकेतचं अभिनंदन करून गेली.

पहिला फोन आभाचा आला. रडून तिचा आवाज बसला होता.

"बाबा, माह्या नवऱ्याचं साक्षगंध मले फेसबुकवर कळते काय?"

दुसरा फोन मारोतरावांचा. ते अगदी शांत बोलत होते आणि तेच जास्त वाईट होतं.

"वामनराव, मोठ्या जावयालेच पोरगी द्याची होती त आमाले कायले बोलावलं? गावात लोक मले विचारून राह्यले. रविवारी आमी येत नाही."

अनघाने ते ऐकलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. वामनरावांच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्यामुळे पोरीचं लग्न मोडतंय, हे आयुष्यात प्रथमच त्यांना कुणी समजावून न सांगता समजलं. त्यांनी तातडीने दिलगिरीचा मसुदा घेतला. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' इथवर ते पोचले असतील, तेवढ्यात कुंदाताईंनी फोन हिसकावला आणि दोन्हीकडे टाकलं:

'यायनं नाव चुकवल. नवरदेव रजतच हाये. मारोतभाऊ माफ करा. रवीवारी सगळे जेवाले या. कुंदा'

वामनरावांनी चुका मोजल्या आणि गिळल्या.

दहा मिनिटांत मारोतरावांचा फोन आला. "ताईचं लिहिलेलं समजलं. येतो आमी रविवारी."

वामनरावांच्या जिवात जीव आला. जीव येताच बडेबाबूही आले.

"मग लग्नपत्रिकेचा मजकूर मी लगेच..."

"पत्रिका आमी छापतो," मारोतराव म्हणाले. "तुमी फक्त अक्षता टाकाले या."