रंग फोटोपेक्षा फिका

"पुन्हा कधी तुमच्याकडे मदत मागायला आलो, तर ही शेडखालची जागा तुमची," असं तक्रारसाहेब भर पार्किंगमध्ये हेडमास्तरांच्या तोंडावर म्हणाले. घरात म्हणाले असते तर बायकोने ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं. पण पार्किंगमध्ये वॉचमन होता, गाड्या पुसणारा होता, तिसऱ्या मजल्यावरच्या बाई तर चक्क थांबूनच राहिल्या होत्या. साक्षीदारांची काही कमतरता नव्हती.

शेडखालची जागा म्हणजे काय चीज आहे, ते त्या इमारतीत राहिल्याशिवाय कळायचं नाही. अख्ख्या पार्किंगमध्ये पत्र्याची शेड होती ती एका गाडीपुरती. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा ती तक्रारसाहेबांना लागली आणि हेडमास्तरांना लागली तिच्या शेजारची, सज्ज्याखालची. त्या सज्ज्यावर कबुतरं बसतात. नुसती बसली असती तर प्रश्न नव्हता. निवृत्त हेडमास्तर रोज सकाळी बादली घेऊन गाडी धुतात, आणि धुताना शेडकडे बघत राहतात.

तक्रारसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका गिझर बनवणाऱ्या कंपनीत तक्रार विभागात होते. दिवसभर फोनवर लोक त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आणि ते मऊ आवाजात एकच वाक्य म्हणत: "आपली गैरसोय झाली त्याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. भरपाई म्हणून आपल्याला काय हवं ते सांगा." हे वाक्य त्यांच्या इतकं अंगात मुरलं होतं की एकदा दाढ काढताना डॉक्टर वैतागून म्हणाले, "फार त्रास देतेय हो तुमची दाढ," तेव्हा तोंडात कापूस असतानाही साहेबांनी ते पूर्ण म्हटलं होतं. ऑफिसात गिळलेला सगळा राग मग ते घरी घेऊन येत आणि दाराच्या कडीपासून रिमोटपर्यंत जे समोर येईल त्याच्यावर काढत.

गाडीची बॅटरी हा त्या रागाचा हुकमी मानकरी होता. आठवड्यातून एकदा तरी ती सकाळी राम म्हणायची. नवी घ्या म्हणून बायको सांगून थकली. पण बॅटरी वॉरंटीत होती, दुकानदार बदलून देत नव्हता, आणि साहेबांची तक्रार चालू होती. तक्रार चालू असताना नवी बॅटरी घेणं म्हणजे हार मानणं.

मग उरत हेडमास्तर. ते आपली गाडी आडवी आणून लावत, जाड वायरी काढत, आणि वर्ग सुरू होई.

"हं, सांगा. आधी कुठली?"

"लाल."

"कशाला?"

"बॅटरीच्या प्लसला."

"आणि काळी?"

"काळी शेवटी. इंजिनच्या धातूला."

"मागच्या वेळी अडखळला होतात. आज बरं आहे. पुन्हा एकदा सलग म्हणा बघू."

पन्नाशीच्या माणसाने भर पार्किंगमध्ये, गाड्या पुसणाऱ्यासमोर, लाल-काळीचा पाढा म्हणायचा! त्या दिवशी हेडमास्तर "शाब्बास" म्हणाले आणि त्यांनी साहेबांच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेनेच शेडचं वाक्य बाहेर पडलं. हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. लक्षात ठेवीन." आणि त्यांनी शेडकडे असं पाहिलं जणू पत्रा कुठे गळतो का ते आत्ताच तपासून घेत आहेत.

त्याच संध्याकाळी साहेबांनी मुलीला हाक मारली. "गाडी सुरू करायचं ते मशीन असतं ना, हातात मावणारं? दुसरी गाडी लागत नाही, कोणाच्या बापाचे उपकार लागत नाहीत. ते शोध."

मुलीने मोबाइलवर ढीगभर मशीनं काढून दाखवली. "बाबा, आधी हे बघायचं की आपलं इंजिन केवढं आहे. आपली पेट्रोलची छोटी गाडी आहे, त्यामुळे हे मधलं पुरेल. डिझेलला जास्त जोर लागतो. शिवाय वायरी उलट्या लावल्या तर हे ओरडतं. पाचपैकी पावणेपाच तारे आहेत याला."

"तारे देणारे सगळे कंपनीचे जावई असतात," साहेब म्हणाले. "एक तारा देणारे दाखव."

साहेबांची ही ऑफिसातली रीत होती. त्यांचा समाधानी माणसावर काडीचा विश्वास नव्हता. वस्तू कशी आहे ते फक्त चिडलेला माणूस खरं सांगतो, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी चष्मा लावला आणि जेवणाचं ताट निवेपर्यंत परक्या लोकांच्या शिव्या चवीने वाचल्या. एक मशीन दोनदा वापरल्यावर फुगलं होतं, ते बाद. एकाची क्लिप हातात तुटून आली होती, तेही बाद. मुलीने सांगितलेल्या मशीनला मात्र एकाच माणसाने एक तारा दिला होता आणि लिहिलं होतं, "रंग फोटोपेक्षा फिका आहे."

"हेच घ्यायचं," साहेब म्हणाले. "ज्या वस्तूत शोधून शोधून एवढीच खोट सापडते, ती वस्तू बावनकशी. आणि हा माणूस महामूर्ख आहे. मशीन काय भिंतीवर टांगायचंय?"

मशीन आलं. डब्याएवढं, केशरी, खरंच जरा फिकं. साहेबांनी त्यावर कागद चिकटवून ठळक अक्षरांत लिहिलं, "हे यंत्र कोणीही मागू नये." माहितीपत्रकात लिहिलं होतं की तापलेल्या गाडीत ठेवू नका, म्हणून ते घरातच कपाटावर ठेवलं गेलं. साहेब ते अधूनमधून चार्ज करत आणि मग बॅटरी कधी मरते याची वाट बघत.

आणि बॅटरी मरेना! जी बॅटरी दर आठवड्याला मान टाकायची, ती आता रोज पहिल्या फिरकीला गाडी सुरू करू लागली. साहेब रोज सकाळी आशेने किल्ली फिरवत, गाडी लगेच गुरगुरे आणि साहेब स्टिअरिंगवर हात आपटून म्हणत, "नालायक!" शेजारी बादली घेतलेले हेडमास्तर विचारत, "काय, आज गाडी सुरू झाली म्हणून राग आलाय वाटतं?" यावर साहेब आणखी चिडत.

मग मुलीच्या मुलाखतीचा दिवस उजाडला. नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळवण्यासाठी तिने वर्षभर जिवाचं रान केलं होतं. कॉलेज शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बाप-लेक वेळेत खाली आले, साहेबांनी किल्ली फिरवली आणि गाडी नुसतं टक् टक् करून गप्प झाली.

साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. "मेली! बस तू आत, अगदी निवांत बस. दोन मिनिटांत मशीन आणतो. आणि त्या हेडमास्तरांच्या खिडकीकडे बघ जरा, उघडी आहे का. बघू देत त्यांना."

"बाबा, टॅक्सी बोलवू का?"

"टॅक्सी? मग मशीन काय शोभेला आणलंय?"

ते एका दमात जिने चढून वर गेले. कपाटावर मशीन नव्हतं.

"अगं, मशीन कुठाय?"

बायको स्वयंपाकघरात होती. ती म्हणाली, "असेल की तिथेच."

"तिथे नाही."

"मग कपाटाच्या आत बघा."

साहेबांनी कपाट उपसलं. मग पलंगाखाली वाकले, माळ्यावर चढले, बूट ठेवायच्या खणात हात घातला. तोंडाचा पट्टा चालूच होता. "या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ. मी काय स्वतःसाठी आणलं होतं? या घरासाठी आणलं होतं! उद्या मी हरवलो तर मलाही कपाटाच्या आत बघा म्हणाल."

बायको ओले हात पुसत म्हणाली, "अहो, तुम्ही शोधा तोवर. मी जरा शेजारून येते."

"लेकीची मुलाखत आहे आणि तुला शेजार सुचतोय?"

पण ती गेलेली होती. खालून मुलीचा फोन आला. "बाबा, मी टॅक्सी बघितली. एकही जवळ नाहीये, यायला फार वेळ लागेल. आत्ता निघालो नाही तर मी पोचणार नाही." ती रडत नव्हती, आणि तिने आवाज सांभाळलाय हेच साहेबांना जास्त लागलं.

साहेब माळ्याच्या शिडीवर तसेच उभे राहिले. त्यांना राग आला बॅटरीचा, दुकानदाराचा, मशीनचा, घराचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या जिभेचा. एक दार ठोठावलं की पोरगी वेळेत पोचत होती. शेड गेली खड्ड्यात. ते शिडीवरून उतरले, समोरच्या, हेडमास्तरांच्या दाराशी गेले आणि त्यांनी बेलकडे हात नेला.

बेल दाबायच्या आतच दार उघडलं. समोर हेडमास्तर उभे, हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. त्यांच्या मागे हेडमास्तरांची बायको, आणि तिच्या मागे साहेबांची.

"चला," हेडमास्तर म्हणाले. "गाडी बंद आहे ना? सुरू करून देतो."

"मी मदत मागितलेली नाही," साहेबांनी तिथल्या तिथे बजावलं.

"मागितलीत असं मी कुठे म्हणतोय? चला, पोरीला उशीर होतोय."

खाली आल्यावर साहेबांनी बॉनेट उघडलं. हेडमास्तरांनी टॉवेल सोडला आणि आतून निघालं फिकं केशरी मशीन. त्यावर कागद होता: "हे यंत्र कोणीही मागू नये."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं, मग हेडमास्तरांकडे, मग जिन्यात थांबलेल्या बायकोकडे. ती दुसरीकडे बघत होती.

"त्याचं काय आहे," हेडमास्तर घसा साफ करत म्हणाले, "काल तुम्ही ऑफिसात होतात, तेव्हा आमची गाडी जरा... सुरू होण्याच्या मनःस्थितीत नव्हती. मी काही मागितलं नाही हं. आमच्या हिने तुमच्या हिच्याकडून आणलं. दोघींचं ठरलं होतं, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून. आज सकाळीच परत करणार होतो."

बोलत बोलत त्यांनी क्लिपा लावल्या आणि बटण दाबलं. मशीनने पार्किंगभर ऐकू जाईल असा टाहो फोडला. साहेबांनी वाकून पाहिलं. हेडमास्तरांनी, दर आठवड्याला लाल-काळीचा पाढा म्हणवून घेणाऱ्या हेडमास्तरांनी, लाल क्लिप मायनसला लावली होती.

साहेबांनी क्लिपा बदलल्या. मशीन गप्प झालं. मुलीने किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. साहेबांनी क्लिपा काढल्या, बॉनेट आपटून बंद केलं आणि हळूहळू मागे वळले. आजवरचा सगळा राग छातीत गोळा झाला होता. मशीन त्यांचं, चोरून नेलं हेडमास्तरांनी, वायरी उलट्या लावल्या हेडमास्तरांनी, आणि वॉचमन समोर उभा. इतका पूर्ण, इतका निर्विवाद विजय त्यांना आयुष्यात कधी मिळाला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं.

पण हेडमास्तर आधी बोलले. कपाळाला आठ्या घालून, मशीनवर बोट आपटत, अगदी फोनवरच्या गिऱ्हाइकाच्या सुरात ते म्हणाले, "हे बघा, मला तुमच्या मशीनबद्दल तक्रार करायची आहे. वायरी आखूड आहेत. कालही हे असंच ओरडत होतं, मला मनस्ताप झाला. हे बरोबर नाही!"

आणि साहेबांचा चेहरा आपोआप मऊ झाला, मान किंचित झुकली, आवाज खाली आला.

"आपली गैरसोय झाली त्याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत," ते म्हणाले. "भरपाई म्हणून आपल्याला काय हवं ते सांगा."

वाक्य संपल्यावर त्यांना ते ऐकू आलं. गाडीत मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

हेडमास्तरांनी क्षणभरही विचार केला नाही. "शेडखालची जागा," ते म्हणाले.

मुलगी वेळेत पोचली, मुलाखत झकास झाली आणि परत येताना ती सबंध रस्ता हसत होती. साहेब घरी आले तेव्हा शेडखाली हेडमास्तरांची गाडी उभी होती, चकचकीत. साहेबांनी आपली गाडी सज्ज्याखाली लावली, आणि ते उतरायच्या आत पहिल्या कबुतराने काचेवर आपली सही केली.

संध्याकाळभर ते धुमसत होते. कोणावर तरी राग काढल्याशिवाय त्यांना जेवण जाणार नव्हतं. बायकोवर काढावा तर तिच्यामुळेच लेक वेळेत पोचली होती. शेवटी मोबाइल घेऊन त्यांनी मशीनचं पान उघडलं आणि दात-ओठ खात एक तारा दिला. खाली लिहायची जागा होती. ते बराच वेळ विचार करत बसले. मशीन वेळेवर चाललं होतं. उलट्या वायरींना ओरडलं होतं. एका फटक्यात गाडी सुरू केली होती. लिहिण्यासारखं काही म्हणता काही सापडेना. मग त्यांनी लिहिलं, "रंग फोटोपेक्षा फिका आहे."

दुसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. गैरसोयीबद्दल ते मनापासून दिलगीर होते आणि भरपाई म्हणून काय हवं असं विचारत होते. साहेबांनी टाइप केलं, "शेडखालची जागा." मग ते पुसलं आणि बादली भरायला उठले.