प्रमाण माणसाची थुंकी

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याला वाटेल त्याने डॉक्टरला दाखवावं. माझी नात तर थाप पकडायला समोर टपूनच बसली आहे.

पण सुरुवात एका निर्विवाद सत्याने करू. माणूस नॉर्मल आहे की नाही हे ठरवायला आधी एक नॉर्मल माणूस हाताशी असावा लागतो, आणि तो कुठल्याही दुकानात सुटा मिळत नाही.

टायरच्या दुकानावर तीन खोल्यांत एक बायोटेक कंपनी होती. स्टार्टअप होती, म्हणजे खुर्च्या कमी आणि स्वप्नं फार. संस्थापकांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "मला साहेब म्हणू नका, इथे सगळे समान." तेव्हापासून सगळे त्यांना समानसाहेब म्हणत. फ्रिज एकच. वरच्या कप्प्यात गिऱ्हाइकांची थुंकी, खालच्यात कर्मचाऱ्यांचे डबे. (अदलाबदल एकदाच झाली. त्या आठवड्यात एक गृहस्थ बऱ्याच अंशी वाटाणा निघाले.)

आमचा नायक तिथे बायोइन्फॉर्मेटिक्स इंजिनिअर. म्हणजे नेमकं काय, हे त्याच्या आईने खूपदा समजावून घेतलं आणि शेवटी शेजारी सांगून टाकलं, "तो थुंकीचा कम्प्युटर चालवतो." नात्यातले डॉक्टर त्याला कम्प्युटरवाला समजत आणि कम्प्युटरवाले डॉक्टर. त्यामुळे चार माणसं जमली की दोघं त्याला गुडघे दाखवत आणि दोघं प्रिंटर.

काम तसं सरळ होतं. थुंकीतून यंत्र माणसाचा मजकूर वाचतं. अक्षरं चारच, पण मजकूर तीनशे कोटी अक्षरांचा आणि मध्ये एक पूर्णविराम नाही. (निसर्गाला सरकारी परिपत्रकाच्या इतकं जवळ दुसऱ्या कशातही जाता आलेलं नाही.) हा मजकूर एका निरोगी माणसाच्या मजकुराशी ताडायचा, फरक शोधायचे आणि गिऱ्हाइकाला रंगीत रिपोर्टात कळवायचं की आपण इतके इतके टक्के बिघडलेले आहात.

आता निरोगी माणसाचा नमुना विकत आणायचा तर महाग. समानसाहेबांनी खोलीभर नजर फिरवली. नळ्या हाताळणाऱ्या मुलीला सर्दी झाली होती. स्वतः साहेबांना मीटिंग होती.

"तू बरा दिसतोस," ते इंजिनिअरला म्हणाले. "थुंक. तात्पुरतं."

कचेरीत 'तात्पुरतं' याहून टिकाऊ काही नसतं, हे वेगळं सांगायला नको.

अशा रीतीने मनुष्यजातीला प्रमाण मिळालं. या प्रमाण माणसाचा चष्मा मायनस साडेचार. टाळूवर केस मोजके, तेही एकमेकांशी न बोलणारे. उन्हात पाऊल टाकलं की शिंक. आणि जिभेच्या कडा वर वळवून पन्हाळ करतात ना, ते त्याला जन्मात जमलं नव्हतं.

मग रिपोर्ट निघू लागले. ज्यांना दूरचं स्वच्छ दिसे त्यांना 'दृष्टीत लक्षणीय विचलन'. भरघोस केसवाल्यांना 'केसांचा अतिरेक, लक्ष ठेवावे'. उन्हात न शिंकणाऱ्यांना 'सूर्याबाबत उदासीनता'. जिभेची पन्हाळ जमणाऱ्यांना 'जिभेची अनावश्यक हालचाल'. गिऱ्हाइकं शिकलेली आणि रिपोर्ट छापील, म्हटल्यावर शंका घ्यायची कुणी? धडधाकट डोळ्यांची माणसं चष्म्याच्या दुकानात जाऊन "थोडा तरी नंबर द्या हो" म्हणून अजीजी करू लागली. न्हाव्याकडे फक्त मधले केस काढून घ्यायला रांग लागली. सकाळी चौकात सभ्य लोक उन्हाकडे तोंड करून शिंकेचा सराव करत. कंपनीच्या पाहणीत एक्याण्णव टक्के लोकांना सुधारणा जाणवली. उरलेल्या नऊ टक्क्यांना शिंकताना उत्तरं देता आली नाहीत.

इंजिनिअरला हे सगळं दिसत होतं. पण त्याचा जीव त्या नळीवालीत अडकला होता, आणि नळीवालीचा त्याच्यात. अडचण होती तिच्या वडिलांची. त्यांनी उभी हयात वजनमापे निरीक्षक म्हणून काढलेली. ते बाजारातून गेले की तराजू आपोआप सरळ होत. ते म्हणाले, "मुलगा वाईट नाही. पण तुमच्याच कंपनीचा रिपोर्ट आणा. मग होकार-नकार बोलू."

रिपोर्ट काय येणार, हे इंजिनिअरला न तपासता ठाऊक होतं. शून्य फरक.

"थोडे दोष घाल ना मधे," नळीवाली म्हणाली. "माणसात असतातच."

"कुठले घालू?"

"हे मला विचारतोस? घे लिहून."

तिने बरेच सांगितले. पण शहरभराचे दोष छापणाऱ्या त्या माणसाला स्वतःचा एकही छापवेना.

वडिलांनी रिपोर्ट उघडला. शून्य. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"शून्य फरकाचा तराजू मी नोकरीत एकदाच पाहिला," ते म्हणाले. "त्या दुकानदाराने मापही घरीच ओतून बनवलं होतं. तुमच्याकडे माप कुणाचं?"

नळीवालीने डोळे मिटले.

"माझंच, काका," इंजिनिअर म्हणाला.

वडिलांनी रिपोर्टाची घडी केली. मग म्हातारा म्हणाला, "तो दुकानदार शेवटपर्यंत कबूल झाला नव्हता. करा लग्न. पण माप उद्याच्या उद्या बदल."

माप बदललं. समानसाहेबांनी लगेच नवी योजना काढली: यापुढे प्रत्येक गिऱ्हाइकाची तुलना त्याच्या स्वतःशीच, दर दुप्पट. सगळ्यांना शून्य फरक. तक्रार एकही नाही. स्वतःच्या मापाने मोजलं की माणूस भरतोच.

लग्नाला मात्र जुनी गिऱ्हाइकं झाडून आली. फोटोसाठी सगळ्यांना उन्हाकडे तोंड करून उभं केलं. नवरदेवाला शिंक आली. प्रमाण माणूस शिंकला म्हटल्यावर मागची चारशे माणसं एका दमात शिंकली! तंबू उडाला, फोटोवाला उडाला, आणि माझा चष्मा नाकावरून सुटला तो थेट टायरच्या दुकानात—

"थाप!" नात ओरडली. "आजोबा, तुम्हाला चष्मा कधी होता?"

"नव्हता," मी म्हटलं. "पण तू इतका वेळ गप्प कशी बसलीस?"

"जीभ बाहेर होती. पन्हाळ जमते का बघत होते," ती म्हणाली.

(वाचकांनीही आपापली आत घ्यायला आता हरकत नाही.)