आधी उसवायचं कसं ते सांगा

घड्याळजींच्या लेकीनं आईच्या शिवणाच्या वह्यांची वेबसाइट तयार केली, पण ती ठेवायची कुठे हे ठरेना. इंटरनेटवर अशी जागा देणाऱ्या तीन कंपन्या तिनं कागदावर लिहून दिल्या. रविवारी संध्याकाळी ती परत जाणार होती. तोवर ठरलं नाही तर वह्या पुन्हा कपाटात जाणार, आणि त्यांची शाई आधीच पुसट होत चालली होती.

"बाबा, कुठलीही घ्या. सगळ्या सारख्याच असतात."

"तुझी आई साधी सुई अशी घेत नसे," म्हणत घड्याळजी फोन घेऊन बसले.

तिच्या आईची, म्हणजे सगळ्यांच्या शिवणाच्या बाईंची, रीतच वेगळी होती. मशीन घेताना त्यांनी दुकानदाराला पहिला प्रश्न विचारला, "नको झालं तर परत कोण नेणार?" त्याला घाम फुटला. मशीन एकतीस वर्षं चाललं, ते सोडा. त्यांच्या वर्गातही पहिल्या दिवशी मुलींच्या हाती कोरं कापड नाही, शिवलेली बाही यायची. "आधी उसवा. उसवता आलं की शिवायची भीती जाते."

म्हणून घड्याळजींनी पहिल्या कंपनीला विचारलं, "तुमच्याकडून निघायचं असेल तर कसं निघायचं?"

पलीकडच्यानं घाईघाईनं फोन दुसऱ्याकडे दिला. सोडून जाणाऱ्यांची समजूत काढणं एवढंच या दुसऱ्याचं काम होतं.

"काका, आमचं काय चुकलं?"

"अजून तरी काही नाही."

"तीन महिने फुकट देतो. पण जाऊ नका."

"अहो, मी आलोच नाहीये."

"असं तोडून बोलू नका काका. सहा महिने!"

दुसऱ्या कंपनीतल्या बाईंनी खातेक्रमांक मागितला. तो नव्हता, म्हणून बंद करण्यापुरतं एक खातं उघडलं. दहा मिनिटांत ईमेल आली: आपण आम्हाला सोडून गेलात, वाईट वाटलं.

"बाबा, राहायला न जाताच घर सोडलंत!" लेक हसून हसून खाली बसली.

तोवर समजूतवाल्याचा तिसरा फोन आला. वर्षभर फुकट!

"घ्या ना, बाबा."

"दार दाखवा म्हटलं तर हा खुर्ची पुढे करतोय. नको."

तिसऱ्या कंपनीतली मुलगी शांतपणे म्हणाली, "डावीकडे बटण आहे. दाबलं की तुमचं सगळं एका फाइलमध्ये खाली उतरतं. घ्यायचं आणि निघायचं."

"कोणी अडवणार नाही?"

"कशाला अडवू? नेताय ते तुमचंच."

घड्याळजींनी कागदावरच्या पहिल्या दोन नावांवर काट मारली.

"हॅलो? आहात ना?"

"आहे. आता इथंच आहे."

रविवारी दुपारी वेबसाइट सुरू झाली. समजूतवाल्याचा फोन आलाच. घड्याळजींनी त्याला साइटचा पत्ता सांगितला. "खात्री करून घ्या आणि आता माझा नाद सोडा."

सोमवारी सकाळी पुन्हा तोच.

"आता काय, दोन वर्षं?"

"नाही हो काका. रात्री बाईंच्या वहीचं पहिलं पान वाचलं. माझ्या शर्टाची कॉलर उसवतोय, पण धागा ओढला की कापडही येतंय. काय करू?"

"थांबा, विचारतो," म्हणत घड्याळजी सवयीनं आतल्या खोलीकडे वळले. दारातच थांबले. मग चष्मा लावून त्यांनी वहीचं दुसरं पान उघडलं.

"बाई म्हणतात, ओढू नका. दर तिसरा टाका कापा, मग धागा आपणहून सुटतो."

बराच वेळ पलीकडून कात्रीचा आवाज येत राहिला.

"सुटला, काका! बाईंना थँक्यू सांगा."

"सांगतो," घड्याळजी म्हणाले.