यात कुनैन तर नाय?

गल्लीत कुणाच्याही घरी बाटली आली की हिमरू विणणारे दस्तगीरचाचा बूच उघडून वास घेत नि विचारत, “यात कुनैन तर नाय?” बाटली औषधाचीच असायला हवी असंही नव्हतं. माझ्या लग्नात आलेल्या अत्तराच्या कुपीचीही त्यांनी अशीच चौकशी केली होती. औरंगपुऱ्यात लोक त्यांना ‘कुनैनवाले’ म्हणत. तोंडावर हसत नसत, एवढंच.

मी त्यांची शेजारीण, मुलींच्या शाळेत मास्तरीण. इंग्रजी लेबलं वाचून दाखवायचं काम माझ्याकडं. चाचांच्या टोपीत हैदराबादच्या एका डॉक्टरची चिठ्ठी घडी करून ठेवलेली असे. वाचून वाचून ती मला पाठ झाली होती. चाचींच्या अंगातली ताकद दिवस चढेल तशी ओसरायची. दुपारनंतर पापण्या खाली येत, घास चावता चावता जबडा थांबे. अशा माणसाला कुनैन दिलं तर श्वासच थांबू शकतो, असं त्या चिठ्ठीत होतं. आणि तेव्हा, निजामाच्या राज्यात, पावसाळा सरला की हिवतापावर सगळीकडं कुनैनच देत.

एका साली चाचींनाच हिवताप आला. कंपाउंडर मिक्श्चर घेऊन आला. बाटलीवर लेबल नव्हतं. चाचांनी थेंबभर जिभेवर घेतलं नि कडू लागताच थुंकून टाकलं. कंपाउंडर चिडला. तापानं बाई गेली तर जबाबदार कोण, म्हणाला. ताप तर चढतच होता. चाचांनी टोपीतली चिठ्ठी काढली.

“बाटली राहू द्या,” चाचा म्हणाले. “डॉक्टरसाब बघतील, मगच घोट.”

मी चिठ्ठी घेतली नि टांग्यानं शहरातला दवाखाना गाठला. तिथले डॉक्टर ती वाचता वाचताच उठले नि माझ्याबरोबर टांग्यात बसले. चाचांच्या घरी येऊन त्यांनी बाटली तपासली, तर तीत कुनैनच होतं. त्यांनी दुसरं औषध दिलं नि चाचींचा श्वास बघत दुपारभर तिथंच बसून राहिले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

त्या संध्याकाळी चाची मिटल्या पापण्यांनी पडून होत्या. आता तुम्हाला कुणी हसणार नाही, असं मी चाचांना म्हटलं. त्यांनी मान हलवली.

“पयल्या तापाला, ही चिठ्ठी मिळायच्या आधी, मीच पाजलं होतं, बेटी. कडू म्हणून ती घेईना, तर सरबतात लपवून दिलं. दोन दिवस तिला थुंकी गिळता येईना. तिला अजून ठाऊक नाय.”

चाचींच्या पापण्या हलल्या नाहीत. हात तेवढा गोधडीवरून सरकत आला नि चाचांच्या गुडघ्यावर थांबला.