चौथ्या मजल्यावरचा पिवळा फडका

जपानमधल्या मुरोरानच्या आमच्या वसाहतीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी रोज सकाळी गॅलरीच्या कठड्याला पिवळा फडका लावायचा असतो. फडका दिसला म्हणजे माणूस ठीक आहे. नऊ वाजता सोसायटीचे होशिकावा खालून मान वर करून बघतात आणि वहीत खुणा करतात. फडका नसेल तर वर जाऊन दार ठोठावतात.

चौथ्या मजल्यावरच्या काजितानींनी बायको गेल्यापासून सहा वर्षांत एकदाही फडका चुकवला नव्हता. त्यामुळे त्यांचं दारही कुणी ठोठावलं नव्हतं. मुलगा नागोयाला; तो नववर्षाला फोन करून थंडी कशी आहे ते विचारायचा. एरवी घरात आवाज यायचा तो भाताच्या कुकरचा, आणि तोही भात झाला एवढंच सांगायचा. काजितानींना फार एकटं वाटायचं. कुणीतरी यावं, बरे आहात ना विचारावं, घोटभर चहा घ्यावा, एवढंच त्यांना हवं होतं.

फडका लावला नसता तर काम झालं असतं. पण ते खोटं झालं असतं, आणि काजितानींची अडतीस वर्षं पोलाद कारखान्याच्या चाचणी विभागात गेली होती. यंत्रात सळई अडकवायची, तुटेपर्यंत ओढायची आणि दिसेल तेच लिहायचं. शेवटी त्यांनी एक तोड काढली. फडका इलॅस्टिकच्या पट्टीला बांधायचा आणि त्याला रोज एक लोखंडी नट जास्त लटकवायचा. पट्टी आपणहून तुटली तर दोष पट्टीचा.

त्यांनी रीतसर गणित मांडलं. पट्टीच्या जाडीच्या मानाने तिच्यावर ओढ किती, तो ताण. त्या ओढीने ती मूळ लांबीच्या मानाने किती लांबली, ती विकृती. ताण थोडा असेल तर वस्तू सोडल्यावर पूर्ववत होते. मर्यादा ओलांडली की लांबलेली लांबलेलीच राहते आणि पुढे तुटते. पट्टी गुरुवारी सकाळी तुटणार, असं उत्तर आलं. बुधवारीच त्यांनी दोन कप घासून ठेवले.

गुरुवारी पट्टी तुटली नाही, नुसती लांबली. जन्मभर पोलाद ओढलेल्या माणसाने इलॅस्टिकलाही पोलादाचंच गणित लावलं होतं. सळई थोडीशी लांबते आणि तुटते. हे जुन्या पायजम्याच्या कमरेतलं इलॅस्टिक दुप्पट लांबलं, तरी तुटायचं नाव घेईना. काजितानींनी चिडून एकदम चार नट लटकवले. फडका पार खाली गेला आणि कठड्यावरून नुसती पट्टी लोंबत राहिली. होशिकावांनी खालून ती पट्टी पाहिली आणि काजितानी ठीक असल्याची खूण केली. काजितानी शुक्रवार-शनिवार शर्टाची सगळी बटणं लावून दाराशी बसले. कुणी आलं नाही.

रविवारी बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरच्या उमेगाकीबाई उभ्या होत्या, याही एकट्याच राहणाऱ्या. जिन्यात मान लववण्यापलीकडे दोघांचा कधी संबंध आला नव्हता.

"तुमचा फडका माझ्या गॅलरीसमोर लोंबतोय," बाई म्हणाल्या.

काजितानींनी कमरेत वाकून माफी मागितली. तुमचा उजेड अडत असेल, असंही काहीतरी ते पुटपुटले.

"उजेडाचं सोडा हो. तीन दिवस मी फडका लावला नाहीये. काळं कुत्रं फिरकलं नाही. आज होशिकावांना फोन केला, तर म्हणतात कसे, बाई, तुमचा फडका तर समोर दिसतोय की."

"लावायला विसरलात का?"

"विसरते कशाला? मुद्दाम नाही लावला." बाईंचा आवाज जरा खाली आला. "म्हटलं, कुणी येतंय का बघू."

काजितानी दारातून बाजूला झाले. मग त्यांनी बाईंना आत घेतलं, गणिताचा कागद दाखवला आणि ताण, विकृती, नट, पायजमा सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे कुणी दाराशी यावं म्हणून एवढं गणित?"

"हो."

"धन्य आहे तुमची," असं म्हणून बाईंनी दोन कप चहा घेतला. निघताना म्हणाल्या, "उद्या सकाळी आठला खाली माझ्याकडे या. एकटीपुरतं सूप करायला गेलं की हमखास निम्मं उरतं. आणि ते लोढणं आधी वर ओढा."

सोमवारी काजितानींनी फडका वर ओढून घेतला, आणि दाढी करायच्या गडबडीत तो परत लावायचा राहूनच गेला. उमेगाकीबाईंनी मात्र स्वतःचा फडका आठवणीने लावला होता, मध्येच कुणी यायला नको म्हणून.

उमेगाकीबाईंकडे सूप घेता घेता नऊ वाजून गेले असतील. जिन्यातून धापा टाकत कुणीतरी वर गेलं आणि डोक्यावरच्या मजल्यावर दार ठोठावण्याचा आवाज सुरू झाला. "काजितानीसान! बरे आहात ना?" होशिकावा ओरडत होते.

"जा, भेटून या," उमेगाकीबाई म्हणाल्या. "सहा वर्षं वाट बघत होतात ना?"

काजितानींनी एकदा छताकडे बघितलं आणि वाटी पुढे केली.

"ठोठावू दे जरा," ते म्हणाले. "सूप गार होईल."