एका झटक्यात मॅडम!

कीबोर्डच्या शॉर्टकटमध्ये माझा हात धरणारा आमच्या ऑफिसात कुणी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं सगळं ऐकल्यावर तुमचं मत बदलेल. माझं नाही!

आमचे जुने सर बदलून गेले आणि त्यांच्या जागी मॅडम येणार होत्या. त्या हजर व्हायच्या आत भिंतीवरच्या सूचनांमधल्या सगळ्या सरांच्या मॅडम करायच्या होत्या. सूचना ढीगभर, आणि जिथे बघावं तिथे सर! ‘सर बैठकीत असताना दार वाजवू नये.’ ‘सरांना विचारल्याशिवाय खिडकी उघडू नये.’

“एकेक ओळ वाचून बदला हो,” लेखापाल बाई म्हणाल्या.

“वाचत बसायचे दिवस गेले, बाई!”

‘शोधा’मध्ये सर, ‘बदला’मध्ये मॅडम, ‘सगळे बदला’वर टिचकी. खलास! छापलं, चिकटवलं, सगळ्यांना मेल केलं, फाइल बंद केली आणि ऐटीत चहाला गेलो.

परत येतो तर भिंतीपुढे ही गर्दी! कुणीतरी खड्या आवाजात वाचत होतं, “परिमॅडम स्वच्छ ठेवावा. दुमॅडमा मजला बंद आहे. दिवे घालवायला विमॅडमू नये!”

लोक पोट धरून हसत होते. आता हा ‘सर’ मराठीत कुठेही घुसून बसतो, त्याला मी काय करू?

धावत जाऊन केलेलं मागे घेणारं कंट्रोल-झेड दाबलं. फाइल एकदा बंद केलेली, त्यामुळे त्याने ओळखसुद्धा दाखवली नाही! मी काय हार मानतोय? उलटा डाव टाकला. मॅडम शोधा, सर करा! परिसर, दुसरा, सगळे ताळ्यावर आले. नव्या साहेबीणबाई मात्र पुन्हा सर झाल्या. आणि मुळातच मॅडम असलेल्या लेखापाल बाईंबद्दल छापून आलं, ‘चाव्या लेखापाल सरांकडे द्याव्यात.’

“मी सर?” बाई कडाडल्या.

“मानच वाढला की तुमचा!”

तेवढ्यात गोदामवाला ढकलगाडी घेऊन आला. लेखी हुकूम म्हटला की हा माणूस स्वतःच्या बापाचंही ऐकत नाही.

“जुनी कपाटं गाडीत भरली. मॅडम कुठायत?”

“कशाला?”

त्याने माझ्या पहिल्या मेलचा कागद नाकासमोर धरला. मी लिहिलं होतं, ‘जुनं सामान सरसकट भंगारात काढावं.’ आता तिथे होतं, ‘जुनं सामान मॅडमसकट भंगारात काढावं.’

“मीच मॅडम,” दारातून आवाज आला. “गाडीत जागा आहे ना?”

मी छाती काढून म्हणालो, “चूक संगणकाची आहे, मॅडम. त्याला मराठी येत नाही!”

“तुम्हाला येतं ना?” त्या म्हणाल्या आणि गोदामवाल्याकडे वळल्या. “माझ्याऐवजी यांचा कीबोर्ड न्या.”

हल्ली सूचना मी फळ्यावर खडूने लिहितो. चुकलं की तळहाताने पुसायचं आणि हात पँटला! इतका जलद शॉर्टकट कुठल्या संगणकात आहे, दाखवा!

फक्त काळी पँट घालणं तेवढं सोडलंय.