दीड ओळीची वरात

१९८० ते १९९५ या काळात ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एखादं मराठी लग्न झालं आणि तिथे हा भालचंद्र नव्हता, असं कोणी दाखवून द्यावं, मी मिशी उतरवून देतो! अक्षता टाकायला नव्हे हो, गाणी लावायला. दोन टेपरेकॉर्डर, एक अँप्लिफायर आणि दोन भोंगे एवढ्या भांडवलावर मी गाण्याला गाणं असं जोडायचो की नाचणाऱ्याला घाम पुसायला सवड मिळत नसे. कुठल्या कॅसेटमध्ये कुठलं गाणं किती आकड्यावर सुरू होतं, याची माझी एक वहीच होती. ती वही आणि भोंगे सांभाळायला माझा दोस्त मानसिंगराव. तो सरदार घराण्यातला, पण भोंगा खांद्यावर घेतला की घराणं विसरायचा. काय दिवस होते! हिवाळ्यातली सकाळ, हातात डाळ भरलेली गरम बेढई पुरी, आणि टेपच्या बटणाचा तो ‘खट्’ आवाज. 

एवढा मी उस्ताद! आणि ज्या एका वरातीत गाणं वाजलं नाही, ती नेमकी माझी.

सुधाने लग्नाआधी भावाच्या हाती चिठ्ठी पाठवून एक गाणं कळवलं होतं. ‘वरातीत हेच लावा,’ एवढंच लिहिलं होतं. मी जिवाचं रान करून कॅसेट मिळवली. वरात नई सडकेवरून निघाली. सजवलेल्या जीपमध्ये नवरानवरी. टेपचं बटण दुसऱ्या कोणाला दाबू द्यायचं? अशक्य! मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत मी टेप मांडीवर घेऊन बसलो होतो. बटण दाबलं, दीड ओळ वाजली, आणि टेपने फीत गिळली. मी ओढतोय, फीत येतेय, ओढतोय, येतेय! टोपी बाजारापर्यंत माझ्या मांडीवर फितीचा ढीग आणि शेजारी नवी नवरी, मान खाली घालून. दीडशे माणसांची वरात चिडीचूप चालली होती. एका दुकानदाराने तर उठून हात जोडले आणि हळूच विचारलं, “भाई साहब, कोई गमी हो गई क्या?”

सुधा त्यावरून कधी भांडली नाही. पण वर्षातून एकदा तरी, बहुधा दुसऱ्या कोणाच्या लग्नातून परतताना, ती एक वाक्य बोलायची, “माझी वरात मुकीच गेली.” माणसाने भांडावं हो! हे असलं वाक्य चाळीस वर्षं उशाशी घेऊन झोपणं सोपं नाही. मग मी लग्नाच्या दर वाढदिवसाला सकाळी चहा करताना ते गाणं तिच्यासाठी गुणगुणायचो. ती ऐकून हसायची, आणि मला वाटायचं, चला, थोडं फिटलं.

यंदा लग्नाला चाळीस वर्षं झाली. मी जाहीर केलं, “सुधा, वरात पुन्हा निघणार! आणि तुझं गाणं पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाजणार.”

तिने विचारलं, “खरंच पूर्ण वाजेल?”

“पूर्ण!”

निवृत्तीनंतर मी डीजेचं सॉफ्टवेअर शिकलोय, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. लॅपटॉपच्या पडद्यावर दोन तबकड्या फिरतात, मधे एक पट्टी असते, ती सरकवली की एक गाणं मावळतं आणि दुसरं उगवतं. माझे दोन टेपरेकॉर्डरच ते, फक्त फीत गिळत नाहीत. कॅसेटही नको. गाण्यांचं जे अ‍ॅप मोबाइलवर असतं, तेच या सॉफ्टवेअरला जोडायचं, की कोट्यवधी गाणी नेटवरून थेट तबकडीवर!

आमची मुलगी उन्नती इंदूरहून आली होती. ती म्हणाली, “बाबा, सीरियसली? प्रोग्रामच्या वेळी नेटवर भरोसा मत करो. ते एक गाणं विकत घेऊन पेनड्राइव्हवर ठेवा ना.”

“घरात विहीर असताना मी बादली भरून ठेवू?”

“बाबा, विहीर आपली नाहीये. हे गाणं आपल्याकडे असतच नाही, ते तिकडून येतं.”

“तू मला शिकवतेस? या लष्करात...”

“...मिशी उतरवून द्याल. मालूम है.”

रविवारी सकाळी अकरा वाजता माधवगंजातल्या समाजाच्या धर्मशाळेत ऐंशी माणसं जमली. बेत असा होता की सुधा बाजूच्या खोलीत तयार होऊन बसणार, मी गाणं सुरू करणार आणि गाण्याच्या तालावर ती दारातून येणार. मंचापर्यंत तिची वरात! पहिल्या रांगेत मानसिंगराव आणि त्याची बायको सीमंतिनी बसले होते. मी माइकवर घसा साफ केला, चाळीस वर्षांची हकिकत सांगितली, बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग मी बटण दाबलं.

गाणं सुरू झालं! मानसिंगराव एकदम ताठ बसला. “वा भालू!” म्हणाला आणि त्याने चारचौघांत सीमंतिनीवहिनींचा हात धरला. वहिनी लाजल्या. मी मनात म्हटलं, बघा, माझ्या प्रेमाने दुसऱ्यांचे संसारसुद्धा ओले होतात!

दीड ओळ झाली. आणि गाणं थांबलं.

माझ्या मांडीवर पुन्हा फितीचा ढीग पडल्यासारखं वाटलं. उन्नती धावत आली आणि तिने पडद्यावरचा मजकूर वाचला. “बाबा, लिहिलंय की तुमचं अकाउंट दुसरीकडे वापरात आहे. एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजतं. तिकडे कोणीतरी लावलं म्हणून इकडचं बंद झालं. तुम्ही पासवर्ड कोणाला दिलाय?”

“कोणाला नाही.” मी म्हणालो. “म्हणजे घरातल्यांनाच.”

“घरातल्यांना म्हणजे किती जणांना?”

आता आमच्या मराठी घरांची गंमत तुम्हाला ठाऊक आहे. तीनशे वर्षांपूर्वी चार कुटुंबं दख्खनहून इकडे आली, तेव्हापासून आमच्यात सत्यनारायणाचा प्रसाद आणि पासवर्ड, दोन्ही एकट्याने ठेवायची पद्धत नाही. पडद्यावर नुसता आकडा दिसत होता, मला सोडून. चौदा! खातं एका माणसाचं आणि खाणारे चौदा! माझी बहीण पद्माताई सहा महिने तक्रार करत होती की तिची भजनं मधेच बंद पडतात. तिने त्यापायी दोनदा सिम बदललं होतं.

गुडघ्यामुळे घरीच थांबलेल्या पद्माताईला फोन लावला. “ताई, तू भजन लावलंयस?”

“लावणारच! अकराला देवपूजा असते माझी.”

“बंद कर, सुधाची वरात अडलीये!”

“देवाला बंद करू? भालू, साठी उलटली तुझी, कुछ तो सोच!”

तिला कसंबसं मनवलं. पण ताई सोडून मला आठवणाऱ्या बारा जणांचं काय? मी डोकं चालवलं. घराच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ठळक अक्षरांत लिहिलं: ‘आत्ता कोणीही अ‍ॅपवर गाणं लावू नका. लावलंत की इथलं बंद पडतं.’

ही माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक! कारण आमच्या घरात अमुक करू नका म्हटलं, की आधी ते केल्यास काय होतं हे प्रत्येकजण बघतो. पुण्याच्या हेमेंद्रने लावून पाहिलं, इकडचं बंद. जबलपूरच्या कान्होजीने लावलं, पुन्हा बंद. मग गटावर निरोपांची रांग लागली. ‘मी लावलं, बंद पडलं का?’ ‘आता बघा.’ ‘काका, क्या बात है, सच में बंद हो रहा है!’

पाहुण्यांमध्ये चुळबूळ सुरू झाली. आत आचाऱ्याच्या पुऱ्या थंड होत होत्या. शेवटी उन्नतीने गटावर सगळ्यांना असं काही झापलं की मलासुद्धा मुलीची भीती वाटली. बाराही जणांनी शपथ घेतली. सभागृहातल्या नातेवाइकांचे मोबाइल पुऱ्यांच्या परातीत जमा केले. परात माझ्या डोळ्यांसमोर ठेवली. आता बघू!

बटण दाबलं. गाणं सुरू. मानसिंगने पुन्हा वहिनींचा हात धरला. एक ओळ... दीड ओळ... बंद!

पुन्हा दाबलं. बंद! पुन्हा दाबलं. बंद! मी दाबायचो, तिकडे कोणीतरी दाबायचं. जिद्दीचा माणूस होता तो जो कोण असेल तो. परातीतला एकही मोबाइल हलत नव्हता. पद्माताई फोनवर देवाची आण घेत होती. तो चौदावा कोण हे काही केल्या मला आठवेना. सहाव्या वेळेनंतर मी बटणावरून बोट काढलं. मला ऐंशी माणसांचं काही नव्हतं. आतल्या खोलीत एक बाई नवी साडी नेसून बसली होती, आणि तिला मी म्हणालो होतो, पूर्ण वाजेल.

माइक खाली ठेवला आणि माफी मागायला खोलीकडे गेलो. दाराशी पोहोचलो तर आतून बारीक आवाजात गाणं ऐकू आलं. कुठलंतरी वेगळंच गाणं. दार ढकललं. सुधा खुर्चीत एकटीच बसली होती. डोळे मिटलेले, मोबाइल कानाशी. गेल्या दिवाळीला मीच तिच्या मोबाइलवर ते अ‍ॅप घालून दिलं होतं.

“सुधा! तू आहेस होय चौदावी!”

ती दचकली. “काय झालं? बाहेर तुमचं काही वाजेना, म्हणून म्हटलं तोवर आपण ऐकावं. तर हा मेला फोन सारखा मधेच थांबतो. थांबला की मी परत लावते.”

“अगं, गटावर लिहिलं होतं ना!”

“चष्मा पर्समध्ये आहे.”

“बाहेर तुझं गाणं वाजवायला मी मरतोय, आणि तू इथे हे कुठलं गाणं ऐकत बसलीयेस?”

सुधा पदराशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, “हे माझं गाणं आहे. चिठ्ठीत लिहिलं होतं ते.”

“मग बाहेरचं?”

“ते मानसिंगभाऊजींच्या वरातीतलं. आपल्यानंतर दोन वर्षांनी तुम्हीच लावलं होतं.”

माझ्या पायाखालची फरशी सरकली. पंधरा वर्षं गावभरच्या वराती वाजवून मी माझी वरात दुसऱ्याच्या वरातीत मिसळून टाकली होती! “आणि मी दर वर्षी चहाच्या वेळी...”

“सीमंतिनीवहिनींचं गाणं गुणगुणत होतात.”

“इतकी वर्षं? तू एकदाही सांगितलं नाहीस?”

“किती प्रेमाने गुणगुणायचात,” ती म्हणाली. “मग नाही सांगावंसं वाटलं.”

 मी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. लॅपटॉप मिटवला, तबकड्या गेल्या चुलीत! तिचाच मोबाइल माइकसमोर धरला. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येत होता, पण कोणी हूं की चूं केलं नाही. सुधा एकेक पाऊल टाकत मंचाकडे चालली. मी मोबाइल आणि माइक सांभाळत तिच्या शेजारून. गाणं संपलं तेव्हाच ती थांबली. एकही सूर चुकला नाही, गिळला गेला नाही. “झाली माझी वरात,” ती म्हणाली, आणि लहान मुलीसारखी रडली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. ती चारही मिनिटं मी डोळे अर्धवट मिटून, जुना दर्दी असल्यासारखी मान डोलावत होतो. पण तुम्हाला म्हणून सांगतो, सुधाच्या कानावर जाऊ देऊ नका. त्यातली पहिली दीड ओळसुद्धा मला ओळखीची वाटली नाही!